कारल्याला एक्केचाळीस मतं

मी हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही. नारायण पेठेतल्या एका मेसमध्ये एका रविवारी चोपन्न मुलींना फीस्ट म्हणून कारलं खावं लागलं, त्याला जबाबदार मी आहे. एकटा मी. आणि त्याचा दोष एका विद्यार्थिनीने स्वतःच्या अंगावर घेतला, कारण मी तो उचलून तिच्या हातात ठेवला.

वाचताना हसू आलं असेल तर खुशाल हसा. मीही हसलो होतो. त्या तीन दिवसांत मी जेवढा हसलो तेवढा त्याआधीच्या दहा वर्षांत मिळून हसलो नसेन. सगळं इतकं मजेत चाललं होतं की त्यात कुणाचं नुकसान होत असेल हे खरंच वाटत नव्हतं.

मी खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. चोवीस वर्षं झाली. सुरुवातीची कोड लिहिण्यात गेली, नंतरची कोड लिहिणाऱ्यांच्या रजा मंजूर करण्यात. बोलणं मला पहिल्यापासून कमी. ऑनलाइन मीटिंगमध्ये मी आहे की नाही हे कळायला लोकांना दोनदा हाका माराव्या लागतात. टीममधल्या पोरांनी मला 'म्यूट' असं नाव ठेवलंय हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. असं बरं असतं.

तर कंपनीने एका इंजिनिअरिंग कॉलेजशी ठरवलं होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टना आमच्याकडचा एकेक माणूस बाहेरचा गाइड म्हणून द्यायचा. त्याने दोन-तीनदा काम तपासायचं आणि शेवटी एक फॉर्म भरायचा. फॉर्म चांगला असला तर त्या मुलांतून एखाद्याला आमच्याकडे सहा महिन्यांची इंटर्नशिप, आणि ती नीट पार पडली की नोकरी. आमच्या विभागात जागा एकच होती. गाइड व्हायला कुणी तयार होईना म्हणून माझं नाव पुढे गेलं. मी नाही म्हणालो नाही, कारण नाही म्हणायला बोलावं लागतं.

माझ्या वाट्याला आलेल्या प्रोजेक्टचं नाव भारदस्त होतं: 'वेबवर चालणारी सुरक्षित मतदान प्रणाली'. रिपोर्टची सुरुवात लोकशाहीच्या जन्मापासून. पहिल्या पाच पानांत ग्रीस येऊन गेलं, राज्यघटना येऊन गेली. सहाव्या पानावर मला कळलं की मतदान श्रीखंड हवं की पावभाजी, यावर आहे.

ग्रुपमध्ये चौघी होत्या. तिघींनी पहिल्याच भेटीत "सर, आम्ही डॉक्युमेंटेशन बघतो" असं सांगून टाकलं. म्हणजे बाइंडिंग निळं की काळं ते. काम चौथीचं. ती वाशीमकडची. नारायण पेठेत खोली घेऊन राहायची आणि जेवायला समोरच्या गल्लीत काकूंच्या मेसमध्ये. वडिलांनी तिला सरळ सांगितलेलं होतं: शिक्षण होईपर्यंत पुणं, नोकरी लागली तर पुढेही पुणं, नाही लागली तर घरी ये, मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय ते तिला माहीत होतं. तिने ते मला हसत सांगितलं, पण सांगितलं.

पुण्यातल्या मेसची रविवारची रीत अशी, की दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी खाडा. दुपारी एवढं खाऊ घालायचं की संध्याकाळी शेगडी बंद आहे याची कुणाला आठवण होऊ नये. फीस्टला काय करायचं यावरून काकूंच्या मेसमध्ये दर आठवड्याला रण पेटायचं. आधी फ्रिजवर कागद चिकटवून त्यावर काड्या मारायच्या. एकदा कागदच पळवला गेला. एकदा श्रीखंडाच्या काड्या दोनशेच्या वर गेल्या, जेवणाऱ्या मुली चोपन्न. तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "कॉम्प्युटर शिकता ना गं तुम्ही? मग करा की काहीतरी. की फीच भरता नुसती?"

प्रोजेक्टचा जन्म हा असा. पहिल्या पाच पानांत तेवढं सोडून बाकी सगळं होतं.

तिने बनवलेली गोष्ट साधी होती. गुरुवारी सकाळी पाच पदार्थ जाहीर व्हायचे, शनिवारी दुपारी बाराला मतदान बंद. मेसच्या कार्डाचा नंबर टाकायचा, फोनवर आलेला आकडा टाकायचा, एक मत द्यायचं. दुसऱ्यांदा गेलात तर पडद्यावर यायचं, 'आपलं मत मिळालं आहे. आता जेवायला या.' कुणी कशाला मत दिलं, कुठून दिलं, याची नोंदच ठेवायची नाही, हा तिचा हट्ट. "सर, नाहीतर खोलीत भांडणं होतात." ज्या मुलीचा फोन बिघडलाय तिने काकूंना सांगायचं आणि काकूंनी आपला खास पासवर्ड वापरून तिच्या वतीने मत टाकायचं. त्या पासवर्डला सगळ्या 'काकूंची किल्ली' म्हणायच्या. रिव्ह्यूसाठी तिने ती किल्ली मलाही दिली. विश्वासाने दिली.

रिव्ह्यू शुक्रवारी दुपारी आमच्या ऑफिसात होता. दोन बस बदलून ती आली, बाटलीभर पाणी प्यायली आणि लॅपटॉप उघडला. मी कोड वाचायला बसलो. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्याचा कोड एवढ्या निवांतपणे वाचत होतो. आणि मला हसू यायला लागलं. तिने मध्ये मध्ये स्वतःसाठी टिपा लिहून ठेवल्या होत्या. 'इथे हात लावू नये. मागे लावला तेव्हा जिलबीला उणे तीन मतं पडली.' त्याच्या खाली, 'हे का चालतंय माहीत नाही. चालू द्यावं.' आणखी खाली, 'आता कळलं का चालतंय. पण सांगायला वेळ नाही.'

"हे काय आहे?" मी विचारलं.

ती लाल झाली. "काढते सर."

"काढू नकोस."

त्या आठवड्याच्या यादीत पाचवा पदार्थ होता कारलं. बाकीचे चार म्हणजे श्रीखंड-पुरी, मसालेभात-जिलबी, पावभाजी आणि छोले.

"कारलं कशाला?"

"सर, एक तरी असं पाहिजे ना जे कधीच निवडून येणार नाही. शून्य मतं पडली तर निकालाच्या आलेखातली पट्टी नीट दिसते का ते बघायला."

अगदी बरोबर उत्तर होतं. माझ्या टीममधल्या आठ वर्षं अनुभवी माणसाला ते सुचलं नसतं. मला एकदम काहीतरी करून दाखवावंसं वाटायला लागलं. आता हे कबूल करायचं तर नीटच करतो: मला तिच्यापुढे भाव खायचा होता. सहा वर्षांत मी कोडची एक ओळ लिहिली नव्हती, आणि ही पोरगी मला 'सर, सर' करत होती.

"समज, कुणी एकदम सगळ्यांची मतं टाकायचा प्रयत्न केला तर?"

"कोण करेल सर?"

"मी करतो," मी म्हणालो आणि बाह्या वर केल्या. खरंच वर केल्या.

चौदा ओळींची स्क्रिप्ट. एक ते चोपन्न कार्डनंबर घ्यायचे आणि काकूंची किल्ली वापरून प्रत्येकाचं मत कारल्याला टाकायचं. कारलंच का? तर खोटी मतं अशी टाकावीत जी खऱ्यांत मिसळली तरी ओळखू येतील. हा आमच्या धंद्यातला शहाणपणा मी तिला दहा मिनिटं समजावून सांगितला. लिहिताना माझ्या दोन चुका झाल्या. तिने न बोलता बोट दाखवलं, मी न बोलता दुरुस्त केल्या.

चालवण्याआधी ती म्हणाली, "थांबा सर. इथे पत्ता बदलावा लागतो. हा खऱ्या मेसचा आहे. आता हा टाकते, म्हणजे ट्रायलची मेस, रिकामी. नाहीतर मतं खऱ्या मेसला जातील." तिने ओळ बदलली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी पाहिलं. मी ते पाहिलं हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं, कारण पुढे मी उलटं बोललो आहे.

बटण दाबलं. कारल्याची हिरवी पट्टी पडद्यावर सरसर वाढत गेली आणि दोन सेकंदांत थेट कडेला जाऊन धडकली. चोपन्नपैकी चोपन्न.

"बाप्पा! सर, कारलं! बिनविरोध!" ती ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मग आम्ही दोघंही हसत सुटलो. मी डोळे पुसले. काचेच्या पलीकडून टीममधली दोन पोरं खुर्च्या वळवून बघत होती. म्यूट हसतोय, ही ऑफिसातली बातमीच होती. तिने ट्रायलची मतं पुसली, कोडची लिंक मला पाठवली आणि पाचच्या सुमारास निघून गेली.

साडेचारला ट्रायल, पाचला ती गेली. आता सहा वाजायच्या आधीचं.

मला राहवेना. जागेवर येऊन मी तिचा कोड माझ्या मशीनवर उतरवला आणि माझी चौदा ओळींची लाडकी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. ती पट्टी पुन्हा एकदा धावताना बघायची होती, दुसरं काहीही कारण नाही. कोडसोबत तिने सूचनांची एक फाइल ठेवली होती. तिची पहिलीच ओळ, 'चालवण्याआधी पत्ता बदला.' मी टीममधल्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो, आधी सूचनांची फाइल वाच. मी ती उघडली नाही.

पट्टी धावली. पण या खेपेला पूर्ण कडेपर्यंत गेली नाही. एक्केचाळीस मतं पडली, तेरा नाकारली गेली, 'आधीच मत दिलं आहे' म्हणून. श्रीखंडाला सात, पावभाजीला चार अशी इतरांनाही थोडी दिसत होती. रिकाम्या मेसमध्ये आधीच मत दिलेल्या तेरा जणी आल्या कुठून, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोरालाही पडला असता. मला वाटलं, नमुन्यादाखल भरली असतील तिने. मी वहीत लिहिलं, 'दुबार मतदान चोख अडवलं जातं. शाबास.' आणि शीळ घालत घरी गेलो. बायको म्हणाली, "आज काय, बढती बिढती मिळाली की काय?"

शनिवारी सकाळी दहाला तिचा फोन आला. मी पोहे खात होतो.

"सर, एक प्रॉब्लेम झालाय. मुली मत द्यायला जातायत तर त्यांना दाखवतंय की तुमचं मत मिळालंय. त्यांनी दिलेलंच नाहीये. आणि सर…" ती थांबली. तिला हसू आवरत नव्हतं आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम. "कारल्याला एक्केचाळीस मतं पडलीत."

पोह्याचा घास मी गिळला. एक्केचाळीस हा आकडा ऐकताक्षणी मला सगळं कळलं. ती तेरा मतं, तिने फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर बदललेला तो पत्ता, न उघडलेली फाइल. पुढचं वाक्य बोलायला मला दोन सेकंदही लागले नसतील, आणि एरवी मला साध्या 'हो'लाही वेळ लागतो.

"अगं, कालची ट्रायलची मतं असणार ती. तुझ्याकडून खऱ्या मेसला गेली असतील."

"पण मी पत्ता बदलला होता ना सर? तुमच्यासमोरच बदलला."

"मी नाही पाहिलं," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, "मग माझंच चुकलं असेल सर."

"चालायचंच. ती मतं काढून टाक आणि मतदान पुन्हा घे. बारापर्यंत वेळ आहे."

"नाही होणार सर. काकूंनी सकाळी सहालाच कल बघितला आणि मंडईत जाऊन अकरा किलो कारली घेऊन आल्या. त्या म्हणतात, बहुमत आहे."

इथे मला हसू फुटलं. मला माफ करा, पण फुटलं. आणि तीही हसली. दोघांनाही बोलता येईना. त्या हसण्यात माझं खोटं कुठल्या कुठे वाहून गेलं. निदान मला तसं वाटलं. बायकोने विचारलं, "कोण होतं?" मी म्हणालो, "ऑफिस." ती म्हणाली, "ऑफिसला तुमच्यासारख्या माणसाला हसवता येतं हे नव्हतं माहीत."

रविवारी दुपारी प्रोजेक्टचं प्रात्यक्षिक आधीपासूनच ठरलेलं होतं. म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष वापरात कशी आहे ते कॉलेजच्या गाइड मॅडमनी आणि मी जाऊन बघायचं, जेवायचं, आणि काकूंनी 'आम्ही ही वापरतो' असं पत्र द्यायचं. मॅडमचे गुण, ते पत्र आणि माझा फॉर्म, या तिन्हींवर तिचं पुढचं होतं. हे मला जिना चढतानाही माहीत होतं.

मेसच्या दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: 'आज फीस्ट: कारलं. मतं आपण दिलीत. स्वयंपाक आम्ही केला. तक्रार आपापसांत करावी.'

आत नुसता कल्लोळ. कुणीतरी कोवळ्या कारल्यांची माळ ओवून तिच्या लॅपटॉपला घातली होती. एक मुलगी खुर्चीवर उभी राहून पळी हातात धरून घोषणा देत होती, "येऊन येऊन येणार कोण?" आणि पन्नास आवाज, "कारल्याशिवाय आहेच कोण!" दुसरी कोपऱ्यातून ओरडली, "माझं मत चोरलं!" तिला उत्तर मिळालं, "तुझं मत होतं कधी? दर वेळी रूममेट सांगते तेच टाकतेस."

एका टारगट मुलीने काकूंवरच आरोप ठेवला. "काकू, किल्ली तुमच्याकडेच असते हं."

काकू पोळी लाटता लाटता वळल्याही नाहीत. "मला लबाडी करायची असती तर मी खाडा निवडून आणला असता."

काकूंनी मात्र त्या दिवशी हात सैल सोडला होता. भरली कारली, कुरकुरीत काप, चिंच-गुळातली रस्साभाजी, शेंगदाणे घातलेलं पंचामृत. पंगत बसली. काकू वाढप थांबवून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आपण गाइड ना? मग आधी आपण."

मी भरल्या कारल्याचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. पन्नास जोड डोळे माझ्या जबड्याकडे.

"कसं झालंय?"

"छान."

"एवढंच? बहुमताने आलंय ते, साहेब."

"काकू," मी म्हणालो, "हे जर इतकं छान होत असेल तर याला आजवर शून्य मतं पडत होती हा या मेसमधल्या मतदारांचा अडाणीपणा आहे."

असा गोंगाट उठला की खालच्या दुकानदाराने वर येऊन पाहिलं. टेबलं बडवली गेली. मॅडमसुद्धा हसत होत्या. मला ठाऊक नव्हतं की मला असं बोलता येतं. मी आणखी दोन कारली मागून घेतली, आणखी दोन विनोद केले, दोन्ही चालले. पहिली पंगत उठायच्या बेताला आली तेव्हा काकूंनी आतून श्रीखंडाचं पातेलं आणलं. "विरोधी पक्षालाही जेवायला लागतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मुलींनी त्यांना उचलायचंच काय ते बाकी ठेवलं.

त्या गोंधळात ती उभी राहिली. हातात वाटी तशीच.

"सगळ्यांना सॉरी म्हणायचंय. ट्रायलची मतं माझ्याकडून खऱ्या मतदानात गेली. चूक माझी आहे. काकूंची नाही आणि प्रणालीचीही नाही."

"निवडणूक आयोगाचा विजय असो!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या, शिट्ट्या. काकू म्हणाल्या, "बोललीस ना? बस आता, खा." मॅडमनी पर्समधून डायरी काढली आणि एक ओळ लिहिली. मी समोरच बसलो होतो. त्याच क्षणी उठून 'नाही, ती मतं मी टाकली' असं म्हणालो असतो तर त्याच टाळ्या मला मिळाल्या असत्या. एवढं सोपं होतं. त्या खोलीत त्या दिवशी कुणी कुणावर रागावूच शकत नव्हतं. पण मी नुकताच त्या मुलींच्या नजरेत कुणीतरी झालो होतो, आणि ते मला एवढ्यात सोडायचं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी.

निघताना ती जिन्यात माझ्या मागे आली. तिने एका कागदावर काहीतरी मांडलं होतं.

"सर, एक विचारू? माझ्या मैत्रिणीने शुक्रवारी सव्वापाचला मत दिलं. ते नीट गेलं, श्रीखंडाला. तिच्याकडे मेसेज आहे. आपली ट्रायल साडेचारला झाली होती. ट्रायलची मतं जर खऱ्या मेसला गेली असती, तर सव्वापाचला तिला 'मत मिळालं आहे' असंच दाखवायला पाहिजे होतं ना? म्हणजे ती मतं सव्वापाचनंतर पडली. मग ती ट्रायलची काहून असतील?"

तिचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. पुरावा तिच्या हातात होता. फक्त पुढचा प्रश्न, सव्वापाचनंतर किल्ली कुणाकडे होती, तो तिने विचारला नाही. सुचला नाही असं मला वाटत नाही. मला विचारायचा तिला संकोच वाटला असावा.

"कधी कधी नोंदी उशिरा पोहोचतात," मी म्हणालो. "सर्व्हरचं काही सांगता येत नाही."

नोंदी तशा पोहोचत नाहीत. एवढ्या लहान प्रणालीत तर नाहीतच. पण चोवीस वर्षांचा अनुभव जिन्यात उभा राहून बोलत होता. तिने कागदाची घडी घातली. "हो का सर? हे मला माहीत नव्हतं."

शनिवारी फोनवर जे बोललो ते घाबरून बोललो असं मी स्वतःला सांगू शकतो. जिन्यात मी घाबरलेलो नव्हतो. पोट भरलेलं होतं, मन खुशीत होतं, आणि मी एका हुशार मुलीला तिचा बरोबर विचार चुकीचा आहे असं शिकवलं.

सोमवारी फॉर्म भरायला घेतला. त्यात 'आढळलेल्या त्रुटी' असा एक रकाना होता. मॅडमनी 'चाचणीत शिस्त नाही' असं लिहिल्याचं मला कळलं होतं. माझ्या फॉर्मवर काहीच नसतं तर विचारणा झाली असती. मी लिहिलं, 'चाचणीची आणि खरी माहिती वेगळी ठेवण्यात हलगर्जी.' खाली सही केली. इंटर्नशिप दुसऱ्या ग्रुपमधल्या एका मुलाला मिळाली. चांगला आहे तो, पण त्याच्या कोडमध्ये मला कधी हसू आलेलं नाही.

मध्यंतरी दीडेक वर्ष गेलं. ती अजून पुण्यात आहे. स्वारगेटजवळ एका क्लासमध्ये शाळेतल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते आणि मधून मधून मुलाखती देते. सणावाराला मला मेसेज करते. काकू आजही तिचीच प्रणाली वापरतात, आणि वर्षातून एक रविवार आता हौसेने कारल्याचा असतो, असं तिच्याकडूनच कळलं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच खुशीत.

"सर, आज मुलाखतीत विचारलं, तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती? मी कारल्याची गोष्ट सांगितली. सगळे एवढे हसले ना सर! एक जण तर पाणी प्यायला उठला."

"मग?"

"मग म्हणाले, खरी माहिती आणि चाचणीची माहिती ज्याला वेगळी ठेवता येत नाही, त्याच्या हातात आम्ही काम कसं द्यायचं." ती हसली. "बरोबरच आहे ना सर त्यांचं. बाबा म्हणतात, दिवाळीपर्यंत बघ."

"ती गोष्ट सांगत जाऊ नकोस," मी म्हणालो.

"काहून सर? खरी आहे. आणि मला दुसरी एवढी मोठी चूक आठवतच नाही."

मी फोन ठेवला. बायको म्हणाली, "आज ऑफिसने हसवलं नाही वाटतं." मी तिलाही काही सांगितलं नाही. हे छापून आल्यावर तिला कळेल. ती काय म्हणेल याचा अंदाज आहे आणि ते मी ऐकून घेईन.

पण छापील कबुली म्हणजे मी त्या मुलीला सांगितलं असं होत नाही. ती मतं माझ्या हातून गेली, पत्ता तिने बदललेला मी पाहिला होता आणि जिन्यातला तिचा हिशोब बरोबर होता, या तीन गोष्टी मी तिला अजून समोर बसून सांगितलेल्या नाहीत. फॉर्मवरचा शेराही मी अजून मागे घेतलेला नाही. तो खोटा आहे असं पत्र सहीनिशी तिच्या कॉलेजला, आमच्या कंपनीला आणि तिला मला द्यायचं आहे, दिवाळीच्या आत.